गडदे सरांची हजेरी

आमच्या सकाळच्या बैठकीला सगळ्यात आधी कोण हजर असतं, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. मी हिंगोलीत, आमच्या घराच्या मधल्या खोलीत, कुकर मध्येच बोंबलू नये म्हणून गॅस बारीक करून घाईघाईत लॅपटॉप उघडायचे, तेव्हा पडद्यावर एकच चौकोन असायचा. त्यात इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, खिशाला पेन, आणि फोटो काढायला बसावं तशी ताठ पाठ. मागे पिस्ता रंगाची भिंत आणि तिच्यावर किराणा दुकानाचं कॅलेंडर. "आलो बरं का," असं म्हणून ते माझं स्वागत करायचे. वास्तविक उशिरा पोचलेली मी असायचे.

हे सोपान गडदे. पन्नाशी ओलांडलेले, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव. कंपनी बेंगळुरूची, माणसं गावोगाव विखुरलेली, आणि सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे ही सकाळची अर्ध्या तासाची ऑनलाइन बैठक. बाकीचे आम्ही तिला वैतागलेले. कॅमेरे बंद, माइक बंद, आपली पाळी आली की दोन वाक्यं टाकायची आणि परत गप्प. कुणी त्या वेळात दात घासत असे, कुणी पोराला शाळेच्या बसमध्ये बसवून येई. गडदे सरांचा कॅमेरा मात्र कधी बंद दिसला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कामाचं तर मेलवर कळवता येतंय की ताई. इथं तोंड दाखवायलाच येतो माणूस."

मला ते ताई म्हणत, त्याचीही एक गंमत आहे. मी नव्याने लागले होते. कंपनीची माहितीपुस्तकं लिहायची, हे माझं काम. एका सकाळी सर आपल्या धिम्या इंग्रजीत काहीतरी सांगत होते आणि मध्येच त्यांच्याकडची वीज गेली. चौकोनात अंधार झाला आणि अंधारातून आवाज आला, "आता काहून गेली ही?" मी खो खो हसले, आणि माझा माइक चालू होता. सरांनी सगळ्यांसमोर मराठीत विचारलं, "तुमी कुठल्या?" म्हटलं, हिंगोलीची. "हिंगोलीत कुठं?" म्हटलं, तलाब कट्ट्याजवळ. "म्हंजे दवाखान्याच्या अंगाला का पलीकडं?" असं करत करत आम्ही पार माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचलो. राघवन साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, शेवटी खाकरले. त्या दिवसापासून मी ताई झाले, आणि बैठकीत अर्धं वाक्य तरी मराठीत बोलायचं हा सरांचा हक्क झाला. चेन्नईच्या माणसांनाही "बराबर" आणि "न्हाई" हे दोन शब्द पाठ झाले होते.

त्यांचं काम समजून घेतल्याशिवाय त्यांची गोष्ट कळायची नाही, म्हणून थोडं सांगते. संगणक ज्या प्रणालीवर चालतो ती साधी लिनक्स सिस्टीम म्हणजे भरलेलं स्वयंपाकघर. हवी ती बरणी काढा, दुसरी ठेवा. आमच्या कंपनीची सिस्टीम तशी नव्हती. ती येते ती अख्खी, एका बंद इमेजच्या, म्हणजे जणू सीलबंद डब्याच्या रूपात, आणि तिच्यात हात घालता येत नाही. बदल हवा तर बदललेली दुसरी अख्खी इमेज तयार करायची, पहिलीच्या शेजारी ठेवायची आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. सुरू होताना तो नव्या इमेजमध्ये शिरतो. नवीत काही बिघडलेलं निघालं तर आपला आपणच जुनीत परत येतो, कारण जुनी पुसलेली नसते. या सगळ्याच्या बुडाशी कर्नल असतो, म्हणजे यंत्र आणि वरची सॉफ्टवेअर यांच्यामधला कारभारी. ग्राहकाला कधीकधी बाकी इमेज तीच हवी असते आणि कारभारी तेवढा नवा, कारण जुन्यात चोर शिरेल असं एखादं भोक सापडलेलं असतं. हा कारभारी नीट बदलता येतो का, आणि बदल मागे घेतला तर जुना नीट जागेवर येतो का, हे रोज तपासणं म्हणजे गडदे सरांचं काम.

रोज तपासणं म्हणजे हाताने नव्हे. त्यांनी त्याचा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. तो रोज ताजा कर्नल आणी, इमेजमध्ये बसवी, संगणक बंद-चालू करी, संगणकाला चार प्रश्न विचारी, मग बदल काढून पुन्हा बंद-चालू करी आणि पुन्हा तेच प्रश्न विचारी. सगळं जमलं तर आमच्या सगळ्यांच्या पडद्यावर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. माणसाची गरजच नाही. तरी सर तिथे बसून असत. मी म्हटलं, बसता कशाला? ते म्हणाले, "लेकरू शाळेतून येईस्तोवर दारात उभं राहायची गरज आहे का, ताई? न्हाई ना. राहतोच की पण."

जुनी इमेज पुसत का नाहीत, हे मला पुस्तकासाठी सोप्या शब्दांत हवं होतं. सर फोनवर म्हणाले, "आमचा बा मेंढरं राखायचा. कळपाच्या पुढं चालायला नवी मेंढी काढली, तरी बा जुनीला लगेच इकत नसे. म्हणायचा, ही बुजली, आडवाटंला लागली, तर मागचे कुणाच्या मागं येतील? चालू द्या म्हातारीला बी. तसंच आहे हे. लिहा." मी लिहिलं. मला तो परिच्छेद फार आवडला होता. राघवन साहेबांनी शेजारी शेरा मारला की उत्तम आहे, फक्त मेंढ्या काढून टाका. सरांना सांगितलं तर त्यांना राग आला नाही. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की साहेबांनी वाचलं ना पण.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती हिवाळ्यात. गोरेगावात जीपमधून उतरले तर सर स्टँडवर उभे, बैठकीतला तोच शर्ट, आणि पायात चपला. चौकोनात माणसाचे पाय दिसत नाहीत. ते चालताना किंचित लंगडतात हे मला तेव्हा कळलं. घर गावाच्या कडेला, पुढे मोकळं अंगण, अंगणाच्या एका बाजूला काट्यांचं रिकामं कुंपण. पूर्वी तिथे मेंढरं बसायची. सर पुण्यात वीसेक वर्षं नोकरी करून वडिलांच्या आजारपणात परत आले होते. वडील गेले, मेंढरं विकली, एक बहीण रिसोडकडे दिलेली, तिचं तिचं चाललेलं. लग्नाचं राहून गेलं, असं ते म्हणत. एखाद्याचा चहा राहून जावा तसं म्हणत. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

पुढच्या खोलीत वडिलांची बाज होती आणि बाजेवर जाड फळी टाकून तीन जुने संगणक ओळीने मांडले होते. हेच कंपनीचे तपासणीचे संगणक. मुद्दाम जुन्या बनावटीचे, कारण आमचे ग्राहक आपली यंत्रं दहा-दहा वर्षं बदलत नाहीत. सरांनी त्यांना नावं दिली होती: भुरी, काळी आणि ठिपकी. मला वाटत होतं ही कसलीतरी तांत्रिक नावं असतील. बेंगळुरूचे लोक इतके दिवस आपापल्या अहवालांत गंभीरपणे लिहीत होते की भुरीने चाचणी पार केली, ठिपकीला उशीर झाला. मी हे सांगितल्यावर सर लाजून हसले आणि म्हणाले, "नंबर काय द्यायचे त्यायला?"

आम्ही बसलो असताना काळी बंद झाली. खोलीतला एक आवाज कमी झाला. सर बोलता बोलता थांबले. मान त्या बाजूला करून बसून राहिले. थोड्या वेळाने पंखा घरघरला, दिवा लुकलुकला, तेव्हा त्यांनी तोडलेलं वाक्य पुढे सुरू केलं. दिवसभर हेच चालायचं म्हणे. शेजारच्या गयाबाई दूध घेऊन आल्या होत्या, त्या दारातच टेकल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमी त्याच कंपनीतल्या का? मग सांगा की त्यायला, चांगल्या मशिनी पाठवा म्हणावं. सर दिसभर बंद करतेत, चालू करतेत, बंद करतेत, चालू करतेत. दुरुस्तच होऊन न्हाई राहिल्या." सरांनी त्यांना समजावायचा प्रयत्न केव्हाच सोडून दिला होता. "व्हय, सांगतो," एवढंच ते म्हणाले.

जेवायला त्यांनी भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, वर शिरा, आणि कमी पडेल की काय म्हणून हॉटेलातून भजी आणली होती. मला वाढताना ते आमच्या गटातल्या एकेकाची चौकशी करत होते. पुण्याच्या पोरीचा खोकला गेला का, कोलकात्याच्या बाबूंच्या आईचं ऑपरेशन झालं का. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांच्याइतकीच वर्षं... नाही, कमीच, पण रोज त्याच बैठकीत बसत होते. बैठक संपल्यावर चौकोन एकेक करून विझतात, त्यात सर सगळ्यात शेवटी असायचे हेही मी पाहिलं होतं. एकदा चुकून मी बंद करायचं विसरले आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. परत आले तर सर तसेच पडद्यासमोर बसलेले. "तुमी आहेत वाटलं म्हणून थांबलो," म्हणाले.

आणखी एक सवय सांगते, म्हणजे माणूस कळेल. तपासणी संपली की त्यांचा प्रोग्रॅम आम्हा सगळ्यांना मेल पाठवायचा: भुरी, सर्व चाचण्या यशस्वी. या मेलला सर उत्तर द्यायचे, "धन्यवाद." प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला, मेल तो पाठवणार, आणि आभार हे मानणार. आमच्यातली पोरं यावर फार हसायची. मीही हसले आहे. मग एक दिवस मी सहज विचारलं, तर म्हणाले की कुणी काही कळवलं आणि आपण गप्प राहिलो, हे बराबर वाटत नाही. मी म्हटलं, अहो, ते यंत्र आहे. ते म्हणाले, "यंत्रच आहे, मला म्हाईत न्हाई का. पण दिवसात निरोप त्याचाच तर येतोय."

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता राघवन साहेबांनी बैठकीत सांगितलं की खर्चाला कात्री लागणार. ज्या तपासण्या प्रत्यक्ष यंत्रांवर होतात त्यांच्याकडे नीट बघू. गोरेगावच्या यंत्रांनी इतक्यात काही पकडलंय का? सगळं हिरवंच आहे. जर कायम हिरवंच असेल, तर ते दुसरीकडे, आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभ्या केलेल्या यंत्रांवर का करू नये? दिवाळीनंतर ठरवू. साहेब वाईट माणूस नाही, त्यांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं. सर कॅमेऱ्याकडे बघून मान हलवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आपली पाळी संपवताना रोज म्हणायचं ते "अजून कायी इचारायचं असंल तर इचारा" हे वाक्य म्हटलं नाही.

मला त्यांचा फोन आला. नोकरीची त्यांना तशी चिंता नव्हती, एकटा जीव, शेत बटाईने दिलेलं. त्यांना वेगळीच धास्ती होती. त्यांनी ती सरळ बोलून दाखवली. "काम गेलं तर गेलं, ताई. पण मग सकाळी इथं कशाला उठायचं? शर्ट कशाला घालायचा? तुमी धा जण तोंडानं दिसत न्हाईत, आवाजानं तरी दिसता." मी म्हटलं, तुमचं काम चोख आहे, हिरवं असणं हा काय गुन्हा आहे का, मी साहेबांना सांगेन. आणि मी सांगितलंही. माहितीपुस्तकवालीचं कोण ऐकतं, पण सांगितलं.

दिवाळीच्या आधी सरांनी घर झाडायला काढलं. बाजेवरचे संगणक उतरवले, पुसले, परत मांडले. या संगणकांना पडदे जोडलेले नव्हते. गरजच नव्हती, सगळा कारभार दुरून प्रोग्रॅम बघायचा. पण झाडताना माळ्यावर एक जुना टीव्ही सापडला, तो चालतो का बघावं म्हणून सरांनी तो भुरीला जोडला आणि पुसत पुसत समोर बसले. भुरीची तपासणी चालू होती. नवा कर्नल बसला. भुरी बंद झाली, सुरू झाली, नव्या कर्नलमध्ये शिरायला गेली आणि अडकली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकली. मग तिने नाद सोडला आणि मुकाट जुन्या इमेजमध्ये, जुन्याच कर्नलवर परत आली. प्रोग्रॅमने तिला विचारलं, चालू आहेस का? ती म्हणाली, आहे. नेटवर्क आहे का? आहे. डिस्क दिसते का? दिसते. हिरवा ठिपका. आणि मेल: भुरी, सर्व चाचण्या यशस्वी.

सरांनी काळीला टीव्ही जोडला, ठिपकीला जोडला. तिघींचंही तेच. नवा कर्नल त्या बनावटीच्या यंत्रांवर उभाच राहत नव्हता, आणि यंत्रांतल्या जुन्या नोंदी चाळल्या तर कित्येक महिन्यांपासून. आणि ग्राहकांची लांबलांबच्या कुलूपबंद खोल्यांतली तसलीच यंत्रं नवा कर्नल बसला या समजुतीत जुन्यावरच, भोकासकट, चालत असणार.

दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. मी आधी घाबरले, वाटलं पडले-बिडले की काय. सगळं ऐकून घेतल्यावर मी विचारलं की कुठला कर्नल चालू आहे, हा प्रश्न तपासणीत नव्हताच का?

"व्हता," ते म्हणाले. "पयला प्रश्न तोच व्हता. मधी कर्नलच्या नावाची पद्धत बदलली. नाव जुळेना, म्हणून सारं नीट असून बी रोज लाल यायला लागलं. आठवतंय का तुमाला? रोज सकाळी मी लाल सांगायचो अन् सगळे उसासे टाकायचे. कुणी म्हणलं बी, गडदे, पुन्हा तेच का. मला वाटलं, लोक कंटाळून राहिले माझ्याला. बोलावणंच बंद केलं तर? म्हणून तेवढा प्रश्न काढून ठेवला दोन दिसासाठी. नाव जुळवून परत टाकू म्हणलं. हिरवं यायला लागलं, सगळे हसून बोलायला लागले." मग म्हणाले, "बा सांजच्याला कुंपणाच्या तोंडाशी उभा राहून एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवायचा, ताई. आली एवढं बघून भागत न्हाई म्हणायचा, कोणती आली ते बघावं लागतंय. दुसऱ्याच्या कळपातली शिरली तरी मोजणी भरतीच की. मी लहानपणापासून बघून राहिलो ते."

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, तो प्रश्न आज परत टाका. उद्या लाल येईल. सांगा की गोरेगावच्या यंत्रांनी मोठा बिघाड पकडला. यात खोटं काय आहे? पकडलाच आहे. तुमचं काम राहील, यंत्रं राहतील, ग्राहकांचंही भलं होईल. मला अजूनही वाटतं की सल्ला चांगला होता. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. सर म्हणाले, "मंग त्यायला कसं कळंल, किती महिन्यांपासून जुन्यावर चालून राहिलेत ते? ते समजतील कालपासून बिघडलं." मी चिडले. म्हटलं, अहो, मग तुम्हाला ठेवणार नाहीत, एवढं तरी कळतंय का? ते म्हणाले, "ते कळतंय ना. म्हणूनच तुमाला आधी फोन केला."

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी सांगितलं. आपली पाळी आल्यावर, नेहमीच्या धिम्या इंग्रजीत, अधूनमधून हिंदीत, आणि एकदा चुकून मराठीत. प्रश्न कधी काढला, का काढला, त्यानंतरचे कुठले कुठले कर्नल खोटे हिरवे आहेत. "का काढला" हेही त्यांनी गाळलं नाही. तुम्ही लोक कंटाळत होता, मला ते बघवत नव्हतं, असं त्यांनी दहा माणसांसमोर सांगितलं. शेवटी राघवन साहेब म्हणाले की प्रामाणिकपणाबद्दल आभार, आपण हे बघू. बैठक त्या दिवशी वेळेआधीच संपली.

कुणी रागावलं नाही. सरांना कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. ग्राहकांना कळवलं गेलं, कर्नलमधला बिघाड सापडला, दुरुस्त झाला. प्रोग्रॅममध्ये तो प्रश्न परत आला, आणि आता नाव जुळलं नाही तर नुसतं लाल न करता काय जुळलं नाही तेही तो सांगतो. तीच तपासणी बेंगळुरूच्या यंत्रघरात, तशाच जुन्या यंत्रांवर लावली गेली. ती उत्तम चालते, आजही चालते. आणि एवढं झाल्यावर गोरेगावची गरज कुणालाच उरली नाही. मला वाटतं, त्यांना काढायचं असं बसून कुणी ठरवलंही नसेल. महिनाअखेरीला त्यांचा करार संपला आणि तो पुढे वाढवला गेला नाही. बैठकीचं निमंत्रण ज्या यादीवरून जातं, तिच्यातून त्यांचं नाव आपोआप गळलं. कंपनीची गाडी येऊन तिन्ही संगणक घेऊन गेली.

त्यानंतर मी सकाळी बैठक उघडली की पडदा रिकामा असायचा. एक-दोनदा मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि मला स्वतःचंच तोंड बघत बसावं लागलं. बैठकीत त्यांचा विषय पहिले काही दिवस निघाला, मग निघेनासा झाला. कामाच्या ठिकाणी असंच असतं, कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. सर मात्र बैठक संपायचा अदमास घेऊन मला फोन करायचे. मध्येच कधी केला नाही. "काय म्हणले आज सगळे?" मी सांगायचे. ज्या दिवशी कुणी काहीच म्हटलेलं नसे, त्या दिवशी मी थोडंफार पदरचं घालायचे.

फाल्गुनात एका रविवारी मी गोरेगावला गेले. काम काही नव्हतं. बरेच दिवस जायचं जायचं चाललं होतं. सर स्टँडवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी पुढची खोली फार मोठी वाटत होती. बाजेवरची फळी काढली होती आणि बाज पुन्हा बाज झाली होती, तिच्यावर सतरंजी घातलेली. मी तिच्यावरच बसले. गयाबाई येऊन मला म्हणाल्या, "नेल्या बाई मशिनी दुरुस्तीला. कधी आणून देतील?" मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "देतील."

त्यांनी चहा केला. मग जेवण. मग पुन्हा चहा. मी निघते म्हटलं की ते काहीतरी दाखवायला काढत: शेतातली हळद, बहिणीच्या मुलाचा फोटो, वडिलांची घोंगडी. नोकरीबद्दल विचारलं तर सेनगावच्या एका शाळेत संगणक शिकवायला बोलावतील म्हणाले, बघू. प्रकृतीबद्दल विचारलं तर बरी आहे म्हणाले. उन्हं कलल्यावर मी उठलेच. ते स्टँडपर्यंत आले. हिंगोलीची थेट जीप भरून निघून गेली होती, म्हणून मी सेनगावच्या जीपमध्ये बसले, तिथून बदलता आली असती. मी खिडकीतून हात करायला वळले तर सर पलीकडच्या दाराने आत येऊन माझ्या शेजारी बसले होते.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं. "काही काम आहे का सेनगावात?"

"काम कुठलं," ते म्हणाले. "बोलत बोलत जाऊ की."

सेनगाव येईपर्यंत ते बोलत होते. मला सगळं आठवतही नाही. राघवन साहेबांच्या मुलीचं लग्न, पुण्यातलं त्यांचं जुनं हॉस्टेल, तुरीचा भाव, बैठकीतली कोलकात्याच्या बाबूंची हसण्याची तऱ्हा. त्यांनी ती तऱ्हा करूनही दाखवली, आणि पुढचे प्रवासी वळून हसले. सरांना इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं. मीही हसत होते.

सेनगावात त्यांनी मला हिंगोलीच्या जीपमध्ये खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः खिडकीला हात लावून उभे राहिले. बोलणं चालूच होतं. जीप भरत आली. माझ्या शेजारी एक बाई बसली, तिच्या मांडीवर लेकरू. मागे चौघं दाटीने बसले. सरांनी बोलता बोलता एकदा आत डोकावून सगळीकडे बघितलं. कुठे जागा उरली नव्हती.

"भरली," ते म्हणाले. मग खिडकीवरचा हात काढून म्हणाले, "या मग, ताई. सावकाश जा."

रस्ता ओलांडून ते पलीकडे जाऊन उभे राहिले, गोरेगावकडे जाणाऱ्या जीपा लागतात तिथे. आमचा ड्रायव्हर अजून एका माणसासाठी खोळंबला होता, म्हणून निरोप घेऊन झाल्यावरही आम्ही समोरासमोर राहिलो. एवढ्या अंतरावरून बोलता येत नव्हतं. त्यांनी एकदा हात केला, मी केला. मग ते रस्त्याकडे बघू लागले. आमची जीप निघाली तेव्हा ते तसेच उभे होते, ताठ, खिशाला पेन लावून, आणि त्यांची जीप अजून लागलीही नव्हती.